क्युबाला नाकेबंदीनं मारलं की सरकारी खरेदीनं?

वादाला तोंड फुटलं विन्याच्या एका वाक्यानं. "साम्यवादी राज्य कुणी सुखानं चालू दिलंय का? आधी नाकेबंदी करायची, हत्यारबंद माणसं उतरवायची, आणि वर म्हणायचं, बघा, यांना राज्य चालवता येत नाही."

"कुठलं राज्य ते बोल," सुमानं अडवलं. "सगळ्यांची एकच मोट बांधू नकोस. रशियात 1918 ला परकी फौजा खरोखर उतरल्या होत्या. चीनमधला 1959 ते 61 चा दुष्काळ मात्र बाहेरच्या कुणी लादलेला नव्हता."

"मग क्युबा घे."

क्युबाचा पाढा विन्याला तोंडपाठ आहे. जून 1960 मध्ये टेक्साको, एस्सो आणि शेल या तीन परदेशी तेलकंपन्यांनी सोव्हिएत तेल शुद्ध करायला नकार दिला. क्युबानं त्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने ताब्यात घेतले. जुलैत अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवरनं, अमेरिका विकत घ्यायची त्या क्युबाच्या साखरेचा कोटा 7 लाख टनांनी कापला, मग क्युबानं बाकीची अमेरिकी मालमत्ताही घेतली. एप्रिल 1961 मध्ये क्युबाच्या किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्जला, अमेरिकेनं तयार केलेले सुमारे 1,400 सशस्त्र क्युबन निर्वासित उतरले आणि तीन दिवसांत हरले. फेब्रुवारी 1962 पासून अमेरिकेशी व्यापार जवळजवळ पूर्ण बंद. "आणि हा नुसता आरोप नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या लेस्टर मॅलरीचं 6 एप्रिल 1960 चं टिपण आहे. बहुसंख्य लोक क्युबाचा सत्ताधीश कास्ट्रोच्या बाजूनं आहेत हे त्यात मान्य केलंय, आणि म्हणून पैसा आणि पुरवठा तोडून भूक नि हताशा पसरवावी, असं सुचवलंय. त्यांचाच कागद आहे हा."

यावर कुणीच वाद घातला नाही. घालण्यासारखा नाहीच.

"मान्य," सुमा म्हणाली. "आता 1970 चा हंगाम सांग. 1 कोटी टन साखर काढायचीच असं कास्ट्रोनं ठरवलं. कचेऱ्यांतली, कारखान्यांतली माणसं ऊसतोडीला लावली. ऊस तोडणं म्हणजे नुसता कोयता चालवणं नव्हे. साखर बुडख्याकडे जास्त असते. नवखा माणूस वरून कापतो, बुडखा रानातच राहतो, आणि शेंड्याचं वाढं मोळीत जातं. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो. त्यात जुन्या गिरण्यांवर ताण. साखर निघाली सुमारे 85 लाख टन. विक्रमच होता तो, पण तिथली माणसं इकडे ओढल्यामुळे बाकीचं उत्पादन कोसळलं. 26 जुलैच्या भाषणात कास्ट्रोनं स्वतः अपयश कबूल केलं. त्याच्या आधी, मार्च 1968 मध्ये, 55 हजारांवर छोटी दुकानं, खाणावळी, कारागिरांचे धंदे सरकारनं घेतले. ते कुठल्या नाकेबंदीनं करायला लावलं?"

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "व्हिएतनाम घ्या. त्याच्याइतका मार दुसऱ्या कुणी खाल्लेला नाही. 1975 नंतर अमेरिकेचे निर्बंध सगळ्या देशावर, 1979 ला उत्तरेकडून चीनची चढाई, शिवाय कंबोडियात स्वतःची फौज अडकलेली. 1986 मध्ये महागाई 700 टक्क्यांच्या वर."

मग त्यांनी भाताचं गणित मांडलं. सहकारी शेतात कामाचे गुण मिळायचे. जोर लावून लावणी केली काय, उरकून टाकली काय, गुण तेवढेच. जानेवारी 1981 च्या, पक्षाच्या निर्देश 100 नं कुटुंबाला जमिनीचा तुकडा ठरवून दिला. नांगरट, पाणी, बियाणं, औषध सहकारी संस्थेकडे. लावणी, निंदणी, कापणी कुटुंबाकडे. संस्थेला द्यायच्या ठरलेल्या वाट्याहून जास्तीचं भात कुटुंबाचं. उत्पादन लगेच वाढलं. "आणि तिथंच माशी शिंकली. भात जास्त येतंय म्हटल्यावर वरच्यांनी ठरलेला वाटा वाढवत नेला. कुटुंबाच्या हाती फारसं काही उरेना. 1988 च्या सुरुवातीला उत्तरेत उपासमार. तेव्हा एप्रिलमध्ये पक्षाचा ठराव 10 आला. जमीन 10 ते 15 वर्षांसाठी, वाटा 5 वर्षं बदलायचा नाही, आणि उत्पादनातला किमान 40 टक्के हिस्सा कुटुंबाचा. 1989 ला, आयात करणाऱ्या या देशानं सुमारे 14 लाख टन तांदूळ निर्यात केला. अमेरिकेचे निर्बंध उठले फेब्रुवारी 1994 ला. म्हणजे पोट भरलं ते निर्बंध असतानाच."

मला हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. वेढ्यातही काय बदलता येतं, ते यात दिसतं.

विन्या मात्र हटला नाही, आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. "भात खाताही येतं, विकताही येतं. क्युबाकडे होती साखर, आणि ती चढ्या भावानं घेणारं मोठं गिऱ्हाईक एकच, सोव्हिएत संघ. 1991 ला ते गेलं. 1989 ते 93 मध्ये अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांश आकसली, तेल निम्म्यावर आलं, ट्रॅक्टर उभे राहिले आणि बैल जुंपावे लागले. नेमकं तेव्हाच, 1992 ला, अमेरिकेनं नवा कायदा केला. क्युबाच्या बंदराला लागलेलं जहाज 180 दिवस अमेरिकी बंदरात माल चढवू-उतरवू शकत नाही. कुठला जहाजवाला येईल? येईल तो जादा भाडं लावेल. निर्बंध सैल करून बघितलेत कुठे पुरते?"

"पण 2008 चा जमिनीचा कायदा?" सुमा. "पडीक जमीन कसायला दिली, जमीन नसलेल्याला जास्तीत जास्त 13.42 हेक्टर, तीही 10 वर्षांसाठी, आणि सुरुवातीला त्यावर घर बांधायला मनाई. जिथं राहता येत नाही तिथं फळझाड कोण लावेल? रात्री राखण कोण करेल? माल बराचसा आकोपिओला, म्हणजे सरकारी खरेदी खात्याला द्यायचा. त्यांचा ट्रक वेळेत आला नाही की टोमॅटो रानातच सडतो, आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. घराची मनाई उठायला 2012 उजाडलं."

"ट्रक येत नाही कारण डिझेल नाही," विन्या.

"डिझेल असतानाही पैसे का थकतात?"

मास्तर म्हणाले, "तुमच्या दोघांच्या मधला दुवा सांगतो. खरोखरच शत्रू दारात असला की सरकारला प्रत्येक तक्रार शत्रूची वाटते. वाटा जास्त लावलाय असं म्हणणारा माणूस आणि बाहेरून पैसे घेतलेला माणूस, दोघांना एकाच रांगेत उभं करतात. व्हिएतनाममध्ये, हनोईत, 1986 ला पक्षाचा सरचिटणीस ले झुआन वारला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या काँग्रेसमध्ये पक्षानं चुका उघड कबूल केल्या. क्युबाला मात्र समोरचा अमेरिकेचा किनारा सुमारे 150 किलोमीटरवर."

"म्हणजे शेवटी हस्तक्षेपच," विन्या.

"हस्तक्षेप आहेच. पण उद्या निर्बंध उठले तर काय होईल ते बघ. जहाजभाडं उतरेल, विजेच्या जुन्या केंद्रांना सुटे भाग मिळतील, बँका व्यवहार करतील. आकोपिओचा ट्रक मात्र त्यानं वेळेवर येणार नाही."

"डिझेल मिळाल्याशिवाय ते कळायचं कसं?" विन्यानं विचारलं. सुमा त्यावर बोलायला लागली, पण तोवर मास्तर उठले होते.