कॉर्नफ्लेक्सवरचा तो मेसेज: कुठे खरा, कुठे खोटा

आमच्या सिंधुदुर्गातल्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. थोडक्यात तो असा: केलॉग नावाच्या माथेफिरू डॉक्टरने तरुणांची कामवासना मारायला कॉर्नफ्लेक्स शोधले आणि त्यासाठीच कंपनी काढली. ‘सकाळची न्याहारी सर्वांत महत्त्वाची’ हे वाक्यही त्याच कंपनीने विक्रीसाठी रचलं, आपल्याकडे सकाळी कुणी खातच नव्हतं. डब्यातल्या मालापेक्षा डब्याच्या पुठ्ठ्यात जास्त सत्त्व असतं. आणि मूळ कल्पना आपल्या पोह्यांवरून चोरलेली.

हे वाचून काकीने मुंबईला सुनेला फोन केला, “ह्यां वाचलंस मां? तो डबो आधी भायर टाक.” घरात वयात येणारा मुलगा, त्यामुळे सून खरोखर घाबरली. म्हणून हे लिहितोय. मी स्वतः पेज आणि पोहे खाणारा माणूस आहे, त्या डब्याची मला गरज नाही. पण पोह्यांच्या बाजूने कुणी खोटं बोललेलं मला सहन होत नाही.

आधी कामवासनेचं. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पसरतं. डॉ. जॉन हार्वी केलॉग 1876 पासून अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामाचे प्रमुख होते. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथातले, कडक शाकाहारी. हस्तमैथुनाविरुद्ध त्यांनी भरपूर लिहिलं, मसालेदार खाण्याने वासना चाळवते असंही ते मानत. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण फ्लेक्स जन्मले ते पोटाच्या तक्रारींपायी. रुग्णांना हलकं, सहज पचणारं काहीतरी हवं होतं. त्यासाठी डॉक्टर, त्यांच्या पत्नी एला आणि धाकटे भाऊ विल कीथ आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात प्रयोग करत. 1894 मध्ये शिजवलेला गहू तसाच राहून गेला. नंतर तो रुळांतून काढला तेव्हा सलग पोळी न होता दाण्या-दाण्याची वेगळी चकती पडली. त्याच्या पेटंटचा अर्ज 1895 चा, मंजुरी 1896 ची. त्यात वेगळं रांधावं न लागता सहज पचेल अशा अन्नाची गोष्ट आहे, वासनेबद्दल अक्षर नाही. शिवाय ते फ्लेक्स गव्हाचे होते, मक्याचे नंतर आले.

आणि कंपनी डॉक्टरांनी काढलीच नाही. ती 1906 मध्ये विल कीथ यांनी काढली. आरोग्यधामाचे हिशेब नि कारभार त्यांनी वर्षानुवर्षं मोठ्या भावाच्या हाताखाली सांभाळला होता. खपासाठी त्यांना फ्लेक्समध्ये साखर हवी होती, डॉक्टरांना ती विषासारखी वाटे. केलॉग हे नाव कुणी वापरायचं यावरून दोघे भाऊ कोर्टात गेले आणि 1920 मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात धाकट्याच्या बाजूने निकाल लागला. सख्खे भाऊ असे भांडलेले आपल्याकडे सामाईक आंब्या-फणसावरून पुष्कळ पाहिलेत, म्हणून मला हे सहज समजतं.

डॉक्टरांना बोल लावायचाच तर खरा लावा. ते वंशसुधारणेच्या विचाराचे खंदे पुरस्कर्ते होते. 1914 मध्ये बॅटल क्रीकलाच त्यासाठी राष्ट्रीय परिषद भरली. गोऱ्यांचा वंश शुद्ध राखायची ती भाषा माणसाला माणूस न मानणारी होती. मेसेजमध्ये याची ओळसुद्धा नाही. विल कीथ यांचं पारडं वेगळं: 1930 च्या मंदीत त्यांच्या कारखान्यात आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार झाल्या, जास्त लोकांना काम मिळावं म्हणून. त्याच वर्षी त्यांनी मुलांच्या कल्याणासाठी प्रतिष्ठान उभं केलं. मात्र त्याच कंपनीने पुढे एका साखर लावलेल्या गव्हाच्या डबाबंद न्याहारीने मुलांचं लक्ष जवळजवळ 20 टक्के वाढतं अशी जाहिरात केली. 2009 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, ती दिशाभूल करणारी ठरवली आणि कंपनीला तो दावा सोडावा लागला. राग यायचा तर याचा यावा.

न्याहारीचं ते वाक्य 1917 मध्ये ‘गुड हेल्थ’ मासिकात आहारतज्ज्ञ लेना कूपर यांच्या लेखात आलं. मासिकाचे संपादक डॉक्टर केलॉग, म्हणजे कंपनीवाल्या भावाशी ज्यांचं पटत नव्हतं ते. आणि आपण सकाळी खात नव्हतो? पहाटे शेतात उतरलेला माणूस दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, लोणचं नाहीतर भाजलेला सुका बांगडा घेऊन बांधावर बसे. ती ‘पेजेची वेळ’ कुठल्या जाहिरातीतून आली? हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या आजीला विसरून लिहिलंय.

पुठ्ठ्याची गोष्ट निव्वळ थाप आहे. पुठ्ठा माणसाला पचतच नाही, आणि फ्लेक्समध्ये लोह नि जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात. साध्या फ्लेक्समध्ये साखर थोडी, चॉकलेटवाल्यात कितीतरी जास्त. डब्याच्या मागे छापलेलं असतं.

राहिली चोरी. भात भिजवायचं, खापरात भाजायचं, गरम असतानाच कांडून चपटं करायचं, ही आपली रीत. मका शिजवायचा, मुरू द्यायचा, रुळांखाली दाबायचा, भाजायचा, ही त्यांची. साम्य आहे, पण त्यांची मुळं तिथलीच आहेत: 1863 मध्ये जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी ‘ग्रॅन्युला’ नावाचं न्याहारीचं खाणं केलं होतं, इतकं कडक की रात्रभर भिजत घालावं लागे. उलट 1994 मध्ये केलॉग भारतात आली तेव्हा तिचा कारखाना आपल्याच रायगडात, तळोज्याला उभा राहिला. लोकांनी सवयीने दूध तापवून ओतलं, कुरकुरीतपणा गेला आणि खप अडला. मग कंपनीने बासमतीचे फ्लेक्स काढून पाहिले. पोहे खाणाऱ्या देशात तांदळाचे फ्लेक्स!

सुनेला कळवलंय, डबा टाकू नको, मागची साखरेची ओळ वाच. आणि चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, मुलाला घेऊन ये, नव्या भाताचे पोहे नारळाच्या रसात घालून ठेवतो.