अंटार्क्टिकात उंट कुठंयत?

माझं उत्तर बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवापासून ज्याला ज्याला हे सांगायला गेलो त्याने ‘बरं’ म्हणून विषय बदलला. तुम्हाला तशी सोय नाही.

सामान्यज्ञानाची स्पर्धा. शेवटची फेरी, दोन्ही संघ बरोबरीत. प्रश्न आला : जगातलं सर्वांत मोठं वाळवंट कोणतं? शेजारी बसलेला माझा मित्र कानाशी ‘सहारा, सहारा’ असं कुजबुजत होता. मी त्याला हातानेच गप्प केलं, बझर दाबला आणि माइकमध्ये खणखणीत आवाजात म्हणालो, “अंटार्क्टिका.”

सभागृह हसलं. साधंसुधं नाही, मागच्या रांगेत दोघांनी एकमेकांना टाळी दिली. सूत्रसंचालक पोरगा कार्डाकडे बघत, घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणाला, “सॉरी सर!” पलीकडच्या संघाने सहारा म्हणून गुण घेतले आणि बक्षिसाचा पृथ्वीगोलही घेतला. तो गोल मी जाता जाता जवळून पाहिला. अंटार्क्टिकाच्या जागी स्टँडचा स्क्रू होता. सबंध खंड त्या स्क्रूच्या चकतीखाली गडप. म्हणजे निकालाच्या आधीच सगळं ठरलेलं होतं.

आता खरं काय ते ऐका, थोडक्यात सांगतो. एखादा प्रदेश वाळवंट आहे की नाही हे तिथे वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून किती पडतो त्यावर ठरतं. २५० मिलिमीटरपेक्षा कमी, हा सर्वसाधारण निकष. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात पडणारं बर्फ वितळवलं तर वर्षाकाठी जेमतेम ५० मिलिमीटर पाणी होईल. बर्फ एवढं दिसतं ते पडतं म्हणून नाही, पडलेलं जात नाही म्हणून. क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. सहारा ९० लाखांच्या आसपास. सहारा हे सर्वांत मोठं उष्ण वाळवंट, यात वादच नाही. पण प्रश्नात उष्ण कुठे होतं?

हेच मी त्या पोराला सांगायला गेलो.

“सर, कार्डावर सहारा आहे.”

“कार्ड चुकलंय.”

“हो सर, पण कार्डावर आहे ना.”

मी फोन काढून दाखवला. त्याने अगदी मन लावून वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, “बरोबर आहे सर. पण हे फोनवर आहे.”

यावर काय बोलणार? कार्डाचा हा महिमा आजचा नाही. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाचे एक गृहस्थ होते. किरकोळ माहितीचे जाडजूड कोश काढायचे. आपली माहिती कुणी ढापली तर पकडता यावं म्हणून त्यांनी कोशात एक धडधडीत खोटी गोष्ट पेरून ठेवली : टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव ‘फिलिप’. पुढे ट्रिव्हियल पर्सूट हा प्रश्नोत्तरांचा खेळ आला आणि त्याच्या कार्डावर हा फिलिप हजर! वर्थसाहेबांनी १९८४ मध्ये तब्बल ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी सरळ कबूल केलं की हो, तुमचा कोश वापरला, इतरांचेही वापरले. कोर्ट म्हणालं, माहितीवर कुणाची मालकी नसते. वर्थ हरले. मला त्यांच्यापेक्षा जास्त कणव येते ती घरोघरी हा खेळ खेळताना ‘अहो, मालिकेत त्याचं पहिलं नाव कुणी उच्चारतच नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाची. त्याचा गुण गेला असणार, आणि ‘फिलिप’ म्हणणारा पुढच्या घरात सरकला असणार.

असो. पोराचं मी मनावर घेतलं नव्हतं. मनावर घेतलं ते काकांचं.

काका पहिल्या रांगेत बसले होते. स्पर्धक नव्हते, पण एकही प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांची पद्धत अशी : प्रश्न आला की डोळे मिटायचे. उत्तर जाहीर होईपर्यंत मिटलेलेच ठेवायचे. जाहीर झालं की उघडायचे आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत आवाजात ते पक्कं करायचं. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. काका : “तीनच असतात.” जसे काही मघाशीच नाडी बघून आलेत. इतिहासातलं सर्वांत छोटं युद्ध? ब्रिटन विरुद्ध झांझिबार, २७ ऑगस्ट १८९६, अंदाजे ३८ मिनिटं. काका : “अडतीसच. लोक उगाच चाळीस धरतात.” शतवार्षिक युद्ध किती वर्षं चाललं? १३३७ ते १४५३, म्हणजे ११६. इथे सगळं सभागृह चकित झालं. काका तेवढे नाही. “माहीत होतं,” म्हणाले, “बोललो नाही.”

तर हे काका स्पर्धा संपल्यावर दारापाशी मला गाठून उभे राहिले. सांत्वन करायला आले असतील असं मला वाटलं.

“तुम्ही मघाशी अंटार्क्टिका म्हणालात.”

“हो.”

“का?”

मी सांगितलं. पाऊस, बर्फ, २५०, ५०, सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग उघडले.

“बरं. मला एक सांगा. उंट कुठंयत?”

“कोण?”

“उंट. तिथे.”

“तिथे उंट नाहीत.”

“झालं तर मग.”

“काका, उंटाचा काय संबंध? पाऊस कमी पडतो म्हणून...”

“वाळू आहे?”

“तशी नाही. पण सहारात तरी कुठे सगळी वाळूच आहे? तिथलाही बराचसा भाग खडक आणि गोटे. वाळू पाव हिस्सा धरा.”

“पाव तर पाव. आहे ना? तुमच्याकडे किती?”

‘तुमच्याकडे’ म्हणाले! जसा काही मी अंटार्क्टिकाचा वकील. खरं सांगायचं तर एव्हाना झालोच होतो.

“खजुराची झाडं?”

“नाहीत.”

“मृगजळ?”

आणि इथे मी अक्षरशः ओरडलो. “आहे! मृगजळ आहे! बर्फाला लागून थंड हवेचा थर असतो, वर जरा उबदार हवा, त्यात प्रकाश वाकतो. लांबचे हिमनग हवेत तरंगताना दिसतात. अंटार्क्टिकात मृगजळ असतं, काका!”

काका हसले. फार मायेने हसले.

“मृगजळ म्हणजे काय हो? जे दिसतं पण नसतं ते. म्हणजे तेही नाहीच.”

तोवर आजूबाजूला पाचसहा माणसं जमली होती. त्यांतल्या एकानेही असं म्हटलं नाही की अहो काका, हा काय युक्तिवाद झाला? उलट एक बाई म्हणाल्या, “पण तिथे पेंग्विन असतात ना?” काकांनी त्यांच्याकडे हात केला, साक्षीदार आपणहून हजर झाल्यासारखा. “घ्या. पेंग्विन आले की वाळवंट बाद.” सगळ्यांनी माना डोलावल्या. हा नियम कुणी केला, कधी केला, कुठल्या भूगोलात केला, हे विचारायचं मला त्या क्षणी सुचलं नाही. मग काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही वाचता फार. नेमकं वाचत जा.”

असे उंटावरचे शहाणे बरेच पाहिलेत, पण वादात स्वतःचा उंट घेऊन उतरलेला हा पहिलाच.

रात्री झोप येईना. अशा वेळी शहाणा माणूस दिवा मालवतो. मी उंटांबद्दल वाचत बसलो. आणि काय सांगू! उंटांचं कूळ मुळात उत्तर अमेरिकेतलं. कॅनडाच्या पार उत्तरेला, आर्क्टिकमधल्या एल्समियर बेटावर सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या एका महाकाय उंटाच्या पायाच्या हाडाचे तुकडे सापडले. २०१३ मध्ये ते जाहीर झालं. त्या काळी तिथे जंगल होतं, पण हिवाळा मात्र महिनोन्‌महिने अंधाराचा आणि बर्फाचा. वशिंडात साठतं ते पाणी नव्हेच, चरबी. ती असल्या हिवाळ्यातच कामी आली असावी, आणि पसरट पाय मऊ बर्फावर चालायला, असं संशोधकांचं म्हणणं. आजसुद्धा गोबीतले दोन वशिंडांचे उंट हिवाळ्यात शून्याखाली तीस अंशांत उभे असतात. म्हणजे उंटाला आधी थंडी माहीत होती, वाळूत तो नंतर आला.

पेंग्विनचंही तसंच. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि उत्तर चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, म्हणजे अटाकामाच्या कुशीत. जगातल्या अत्यंत कोरड्या वाळवंटाच्या काठावर पेंग्विन अंडी घालतात. काकांचा नियम उंटाकडूनही मोडतो आणि पेंग्विनकडूनही. आणि हे मला सुचलं कधी? तर रात्री, अंथरुणात, ऐकायला कुणी नसताना. काकांचा फोन नंबर घेतला नाही याची इतकी हळहळ वाटली की विचारू नका.

पण उंट आणि काका बाजूला ठेवू. या सगळ्या स्पर्धांबद्दल माझं एक गंभीर म्हणणं आहे आणि ते कुणी ऐकून घेत नाही. इथे तुम्हाला काय माहीत आहे याची परीक्षा नसतेच. कार्ड लिहिणाऱ्याने वाचणं कुठे थांबवलं याचा अंदाज घ्यायचा असतो. सर्वांत उंच पर्वत विचारला की सरळ माणसाच्या कार्डावर एव्हरेस्ट असतं. जरा वाकड्या माणसाच्या कार्डावर हवाईचा मौना केआ, कारण समुद्रतळातल्या पायथ्यापासून मोजला तर तो १०,००० मीटरच्या वर जातो. आणखी वाकडा असेल तर इक्वेडोरचा चिंबोराझो, कारण पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत लांबचं शिखर ते. तिन्ही उत्तरं ठाऊक असलेला माणूस बझरवर हात ठेवून कार्डवाल्याचा स्वभाव ताडत बसतो आणि तेवढ्यात एकच उत्तर ठाऊक असलेला बाजी मारतो. शुक्र बुधापेक्षा सूर्यापासून लांब असूनही जास्त का तापतो, तर त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडचं दाट पांघरूण आहे म्हणून. हे समजून घेतलेल्याला आणि ‘शुक्र’ एवढंच पाठ केलेल्याला सारखेच दहा गुण. हे झालं कार्ड बरोबर असेल तर. कार्डावर बुध असेल तर समजून घेतलेला शून्यावर.

त्यात उत्तरं जागेवर राहत नाहीत. सर्वांत जास्त चंद्र कुणाला? २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे गेला, त्याच वर्षी शनीने पुन्हा गाठलं, आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या खात्यात एकदम १२८ नवे जमा होऊन आकडा २७४ वर गेला. कझाकस्तानची राजधानी तर बघाच. अस्ताना होती, २०१९ मध्ये तिचं नूर-सुलतान झालं, २०२२ मध्ये परत अस्ताना. ज्याने कष्ट घेऊन २०२० मध्ये कार्डं सुधारली त्याचं उत्तर आज चूक, आणि ज्याने आळसापायी २०१८ च्या कार्डाला हात लावला नाही तो बसल्या जागी पुन्हा बरोबर. माझी साधी मागणी आहे : कार्डावर तारीख घाला. औषधाच्या बाटलीवर असते तर उत्तरावर का नको? आयोजकांना तसं लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘सहभागाबद्दल धन्यवाद.’ सोबत प्रमाणपत्र. त्यावर माझं नाव चुकलंय.

मित्राचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मीच फोन केला. म्हटलं, अरे, तू सहारा म्हणत होतास, पण खरं उत्तर अंटार्क्टिकाच आहे, वाटलं तर उघडून बघ.

“मला माहितीये,” तो म्हणाला.

“काय माहितीये?”

“अंटार्क्टिका. शाळेपासून माहितीये.”

“मग सहारा का म्हणत होतास?”

“त्या पोराच्या कार्डावर सहारा असणार हेही माहीत होतं. आधीचे प्रश्न ऐकले नव्हतेस का तू?”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं भरपूर होतं, पण त्याने संधीच दिली नाही. पुढच्या स्पर्धेसाठी त्याने नाव नोंदवून टाकलंय. अट एकच, बझर त्याच्याकडे राहणार. या वेळी संघ तिघांचा आहे आणि तिसरा भिडू म्हणून त्याने त्या पहिल्या रांगेतल्या काकांना घेतलंय. नंबर त्याच्याकडे होता!

मी चिडून विचारलं, “त्यांना काय येतं रे?”

“येतं की नाही ते माहीत नाही,” तो म्हणाला, “पण त्यांचं एकही उत्तर आजवर चुकलेलं नाही.”