टाकू नका, आंबवा

बेसमेंटमधला फ्रीज उघडा. मागच्या हिवाळ्यात घरी स्टाउट, म्हणजे काळी बीअर, करून उरलेलं पाऊण पौंड चॉकलेट माल्ट (मोड आणून, वाळवून काळं भाजलेलं धान्य), व्हीट बीअरमधले ओंजळभर गहू, रबरबँड लावलेलं हॉप्सचं, म्हणजे बीअर कडू करणाऱ्या फुलांचं, अर्धं पाकीट आणि साखर खाऊन बीअर आंबवणाऱ्या यीस्टची ११.५ ग्रॅमची एक पुडी. पुडीवरची तारीख मुलीच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनच्या आधीची आहे. यातलं काहीही फेकू नका. फेकायला वेगळे संस्कार लागतात आणि ते तुमच्या आईने तुमच्यावर केलेले नाहीत. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि शिळ्या भाताला फोडणी, यावर पोसलेला माणूस न्यू जर्सीत येऊन माल्ट कचऱ्यात टाकेल?

कायद्याची काळजी नको. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हापासून घरी पिण्यापुरती बीअर करायला केंद्र सरकारची आडकाठी नाही. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. बायको बीअरच्या वाऱ्याला उभी राहत नसली तरी तिच्या वाटचे १०० गॅलन मोजून घ्या, संसार म्हणतात तो यालाच. विकायला मात्र बंदी आहे. तुमच्या बीअरची चव पाहता हे कलम तुम्हाला कधीच जाचणार नाही. फक्त पुण्याच्या भावाला व्हिडिओ कॉलवर बीअर आंबवायची बादली दाखवून हुरूप चढवू नका. तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि कागदोपत्री प्यायलासुद्धा परवाना लागतो.

आता मुख्य अडचण. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं हे तुम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यात एन्झाइमही नसतात, हे कळायला सहा वर्षं लागली. माल्ट इतकं काळं होईस्तोवर भाजलं की पिष्टाची साखर करणारे एन्झाइम त्यातच मरतात. मग तुम्ही ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते तासभर कितीही प्रेमाने भिजवा, सोबत शिळ्या ब्रेडच्या आठ स्लाइस घाला, हाती येते ती पेज. खात्री करायची असेल तर बशीत थेंबभर काढून त्यात आयोडीन टाका. निळंकाळं झालं की समजा, पिष्ट जिथल्या तिथे आहे आणि यीस्टला आज उपास आहे.

उपाय सोपा आहे. पाऊण पौंड जुनं माल्ट वाया जाऊ नये म्हणून दहा पौंड नवं पेल माल्ट आणा, ते फारसं भाजलेलं नसल्याने त्यातले एन्झाइम जिवंत असतात. दहा लागत नाही, आठ पुरतं. पण दहावर शिपिंग फुकट असतं. उरलेले दोन पौंड पुढच्या खेपेला उरलेलं म्हणून वापरता येतील, म्हणजे पुन्हा आठ आणावे लागतील. या हिशेबात ज्याला खोट दिसते तो मराठी नव्हे.

सहा महिन्यांसाठी आई आलेली असेल तर तिला मोड आलेलं, वाळवलेलं धान्य दाखवण्याचा मोह आवरा. ती हुंगून म्हणेल, "अरे, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखंच. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. तुला आठव्या महिन्यापासून हेच भरवत होते." मग किंमत विचारेल. सांगू नका.

हॉप्सच्या पाकिटाला जुन्या चीजचा वास येतोय? तो यायचाच. हवा लागून पडलेल्या हॉप्सचा कडूपणा उतरतो आणि असा वास चढतो. यावर एक शब्द पाठ करून ठेवा : लॅम्बिक. ही बीअर करणारे बेल्जियन लोक मुद्दाम जुनेच हॉप्स वापरतात. ती बीअर पुढे लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते आणि तुमची बादली वॉशिंग मशीनशेजारी तीन आठवडे असते, हा तपशील पाहुण्यांना सांगण्याची गरज नाही. वास फारच असेल तर शेवटी मूठभर नवे हॉप्स वरून टाका. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आपल्याकडे हेच काम कोथिंबीर करते.

यीस्ट मात्र विकत आणायचं नाही. तिथे आपली हद्द आहे. मागच्या खेपेला बादलीच्या तळाशी बसलेला यीस्टचा गाळ लोणच्याच्या बरणीत ठेवलेला असेलच. झाकण सैल ठेवा आणि बरणीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, नाहीतर विरजण समजून आई चमचाभर दुधात घालेल. शेवटी ते विरजणच आहे म्हणा, फक्त लागत नाही. तीन दिवस बादली गप्प बसते. १५१६ साली बव्हेरियात फर्मान निघालं होतं, बीअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच घालावं. त्यात यीस्टचं नाव नाही, कारण ती भानगड तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हती. बरणीतल्या यीस्टची तब्येत पाहता निदान या एका बाबतीत तुमची बीअर फर्मानाला धरून आहे.

चौथ्या दिवशी एकदाचं बुडबुड झालं की पुढचं सगळं सोपं. बाटल्या भरताना बीअर फसफसावी म्हणून १९ लिटरला साधारण १२० ग्रॅम साखर पुरते. मी एकदा घरातल्या रीतीप्रमाणे डोळ्यांच्या अंदाजाने घातली. रात्री दोन वाजता बेसमेंटमध्ये लक्ष्मीपूजन झालं. एकामागून एक अकरा बाटल्या. पोलिसांना फोन करायचा की फरशी पुसायची, यावर बायकोशी बोलणं सकाळपर्यंत चाललं.

नाव ठेवायला विसरू नका. ‘उरलीसुरली’ म्हटलं की लोक हात मागे घेतात, ‘गोपाळकाला’ म्हटलं की पुढे करतात. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे जो तो आपला पदार्थ आणतो त्या जेवणाला, एक पेटी घेऊन जा आणि अभिप्राय नीट ऐका. "वेगळी आहे हं" म्हणजे सिंकमध्ये ओतली. "अजून मुरायला हवी" म्हणजे पुढच्या वेळी आणू नकोस. "ही तू घरी केलीस?" हा प्रश्न नाही. जोशीकाकू एक घोट घेऊन विचारतात, "काढ्यात आलं घातलंस का रे?" घातलं होतं, असं सांगा. काकूंना बरं वाटतं.

तोवर आईने तिचं उरकलेलं असतं. उकळण्याआधी गाळलेला माल्टचा चोथा, ज्याला अजून हॉप्स लागलेले नसतात, तो तिने डेकवर वाळवून, मिक्सरमधून काढून भाजणीत मिसळलेला असतो. (हॉप्सचा चोथा मात्र बागेतही टाकू नका. कुत्र्यांच्या जिवावर बेततं, हे गमतीने सांगत नाही.) चोथ्याची थालीपिठं पॉटलकला दहा मिनिटांत संपतात. तुमची पेटी जशी नेली तशी गाडीत परत येते, वजा काकूंची बाटली. घरी अडतीस बाटल्या आहेत. त्यातली एक आईने बशीत ओतून मेथीच्या वाफ्यात ठेवली आहे आणि गोगलगाई मात्र अगदी आवडीने येतात.

रात्री मंडळाच्या ग्रुपवर मेसेजांची रीघ लागते : थालीपिठाची कृती पाठवा. आई फोन तुमच्याकडे देते. टाइप करा : आधी १९ लिटर बीअर करावी.