कुत्रा वाचतो का?

भय आणि विनोद एकत्र घोटलेली कादंबरी वाचताना त्रास होत नाही. त्रास होतो ती संपल्यावर, कुणीतरी सहज विचारतं तेव्हा. "कशी आहे?"

"मजा आली" म्हणावं, तर पुस्तकात अकरा माणसं मेलेली असतात. "भयंकर आहे" म्हणावं, तर समोरच्याला वाटतं पुस्तक टुकार आहे. "झोप उडाली" म्हणावं, तर आपण रात्रभर उशीत तोंड खुपसून खिदळत होतो हे भिंतीपलीकडच्यांनी ऐकलेलं असतं. मग माणूस दोन सेकंद छताकडे बघतो आणि म्हणतो, "वेगळी आहे." हा शेरा आपण नवकवितेला, दुसऱ्याच्या दिवाणखान्याच्या रंगाला आणि अशा कादंबरीला देतो. मत बनलेलं असतं, फक्त ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

माझं तर म्हणणं आहे की या जातीच्या पुस्तकांवरच्या बहुतेक प्रतिक्रिया पुस्तकाबद्दल नसतातच. नको तिथे हसू फुटलं, आता त्याचा खुलासा कसा द्यायचा, एवढाच वाचकापुढचा प्रश्न असतो. कुणी ते हसू लेखकाच्या माथी मारतो, कुणी अनुवादकाच्या, आणि कुणी सरळ कानावर हात ठेवतो. मी हसलोच नाही!

नमुन्याला एक प्रसंग घेऊ. (कुठल्या पुस्तकातला नाही, इथेच बेतलाय.) घरमालक तळघराचं दार उघडतो. खाली खुर्चीत भाडेकरू बसलाय. मेलेला. डोळे उघडे, तोंडात कोळ्याचं जाळं. घरमालक पायरीवरच थबकतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "तीन महिन्यांचं राहिलंय." मेलेल्या माणसाचा हात सावकाश खिशाकडे जातो.

दाराने आणि प्रेताने वाचकाचा श्वास वर ओढून धरला. थकबाकीने तो सुटला आणि हसू आलं. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर आली की हसू येतं, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्येच लिहून ठेवलंय. इथवर कांटचा हिशेब बरोबर. पण या प्रकारात लिहिणारी माणसं कांटपेक्षा लबाड. ती हसू अर्ध्या वाटेवर असतानाच मेलेल्याचा हात हलवतात. मग वर ओढलेला श्वास, पोटातून निघालेलं हसू आणि दचकून मिटलेला गळा यांची एकाच अरुंद बोळात गाठ पडते, आणि नाकातून 'फ्सुक्' असा एक आवाज निघतो. तो हसण्याचाही नाही, किंचाळण्याचाही नाही. बसमध्ये हा आवाज निघाला की शेजारचा आधी तुमच्याकडे बघतो, मग मुखपृष्ठाकडे. मुखपृष्ठावर बहुधा कवटी असते आणि कवटीच्या डोक्यावर वाढदिवसाची टोपी. शेजारचा जागा बदलतो.

हा 'फ्सुक्' काढणं सोपं नाही. थकबाकीचं वाक्य एक परिच्छेद उशिरा आलं की संपलं. मधे तळघरातल्या ओलीचं, भिंतीवरच्या बुरशीचं वर्णन घातलं तर तेवढ्यात वाचक श्वास सोडून मोकळा झालेला असतो, विनोद कोरड्यावर पडतो. घरमालकानेही हसायचं नसतं. पात्र हसलं की वाचकाचं हसू थांबतं. त्याने भाड्याचा विषय भाड्याइतक्याच गांभीर्याने काढायला हवा. आणि त्या वाक्यापुढे उद्गारचिन्ह तर मुळीच नको. 'तीन महिन्यांचं राहिलंय!' असं लिहिलं की घरमालक तळघरातून थेट रंगमंचावर जातो. 'ओढूनताणून विनोद' अशी तक्रार दिसली की मी पहिला संशय उद्गारचिन्हावर घेतो.

आता याच पाच ओळींवर लोक काय म्हणतात बघा. एकाला त्या पुस्तकातल्या सर्वांत विनोदी वाटतात. दुसऱ्याच्या मते मेलेल्या माणसाची थट्टा करणं बरं नव्हे, आणि तो पुस्तक तिथेच मिटतो. तिसऱ्याला त्यात रूपक सापडतं. त्याला ते सगळीकडेच सापडतं. ज्याचं स्वतःचं भाडं थकलंय त्याला विनोद दिसतच नाही. त्याच्या लेखी भयकथा थकबाकीच्या वाक्यापासूनच सुरू होते, प्रेत ही निव्वळ सजावट. आणि जो स्वतः घरमालक आहे, मेलेल्याचा हात खिशाकडे गेला तिथे त्याचे डोळे पाणावतात.

या सगळ्यांना पुरून उरतो तो जाणकार. त्याला भूत चालतं, मेलेल्याने बोललेलं चालतं, पण हात वाकलेला चालत नाही. मृत्यूनंतर साधारण दोन ते सहा तासांत शरीर ताठरायला लागतं, बारा तासांच्या सुमारास पुरतं ताठ होतं आणि पुढच्या दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. त्यामुळे भाडेकरू नेमका कधी गेला हे लेखकाने आधी स्पष्ट करावं, अशी त्याची रास्त मागणी असते. रक्ताचाही तो हिशेब ठेवतो. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. एवढ्यात चार भिंती, छत, दोन सोफे आणि एक मांजर रंगवून निघत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी ते लालभडक नसतं, वाळून तपकिरी पडतं. मला हा वाचक मनापासून आवडतो. भीती वाटायला लागली की तो मोजमापं काढतो. कुणी रामरक्षा म्हणतं, तो लिटर मोजतो.

वाचायचं कुठे आणि कसं, निम्मी प्रतिक्रिया तिथेच ठरते. नव्वद हजार शब्दांची कादंबरी मनातल्या मनात वाचायला सहा-साडेसहा तास लागतात. ऐकायची म्हटली तर दहा तासांच्या आसपास. ऐकताना हसायचं की घाबरायचं हे वाचणाऱ्याचा आवाज ठरवून टाकतो. त्याने थकबाकीच्या वाक्याला किंचित जरी मिश्कील सूर लावला, तरी प्रेत गेलं. वेळ वाचवायला दीडपट वेगाने ऐकणारे आणखी वेगळे. भीती राहते दोन वाक्यांमधल्या शांततेत आणि दीडपट वेगात आधी तीच कापली जाते. मग घरमालक धापा टाकत दार उघडतो, मेलेला घाईघाईने खिसा चाचपतो आणि ऐकणारा तक्रार करतो की भीती अजिबात वाटली नाही. उलट रात्री दोन वाजता एकट्याने वाचणाऱ्याला विनोद दिसत नाही, दिसतं फक्त खोलीचं दार. तोच मजकूर चार माणसांत मोठ्याने वाचला तर लोक गडाबडा लोळतात. लेखक फ्रान्झ काफ्काने आपल्या 'द ट्रायल' या कादंबरीचं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा त्याला स्वतःलाच इतकं हसू येत होतं की मधे मधे पुढे वाचवेना, असं त्याचा मित्र मॅक्स ब्रोड याने लिहून ठेवलंय. तेच प्रकरण आज एकेकटे बसून वाचणाऱ्यांच्या कपाळावर तीन आठ्या असतात. एखादं भयविनोदी पुस्तक 'जमलं नाही' असं वाटलं, तर त्यातलं एक पान दिवसाउजेडी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावं आणि मगच निकाल द्यावा.

ताऱ्यांचा हिशेब तर सोडूनच द्या. दहापैकी पाच जणांनी पाच तारे दिले आणि पाच जणांनी एक, की सरासरी येते तीन. मग नवा वाचक म्हणतो, बरी दिसतेय, मध्यम. मध्यम असं मत दहातल्या एकाचंही नसतं! म्हणून सरासरी बघूच नये. एका ताऱ्याच्या प्रतिक्रिया आधी वाचाव्यात आणि त्यांत प्रसंगाचं नाव शोधावं. "प्रेताकडे भाडं मागतात, किती हीन अभिरुची" असं कुणी चिडून लिहिलं असेल, तर पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही हे एका वाक्यात कळतं. पाच तारेवाला नुसताच "अफलातून" म्हणून मोकळा होतो, त्याचा काही उपयोग नाही. अर्धवट सोडणाऱ्याने कुठे सोडलं हे सांगितलं असेल तर ते सोनं. सगळे जण तिसऱ्या प्रकरणातच सोडत असतील तर लेखक चुकलाय. जो तो वेगळ्या ठिकाणी सोडत असेल तर ज्याची त्याची सहनशक्ती.

हा घोळ आजचा नाही. इंग्रज लेखक होरेस वॉल्पोलची कादंबरी 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' १७६४ च्या डिसेंबरात आली. गॉथिक, म्हणजे जुन्या किल्ल्यांच्या आणि भुताखेतांच्या, कादंबऱ्यांची सुरुवात तिच्यापासून मानतात. सुरुवातीलाच लग्नाच्या दिवशी एक शिरस्त्राण, माणसाच्या शिरस्त्राणाच्या शंभरपट मोठं, काळ्या पिसांच्या तुऱ्यासकट, अंगणात कोसळतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. आता यावर हसायचं की रडायचं? वॉल्पोलने पहिल्या आवृत्तीत स्वतःचं नाव दिलंच नव्हतं. एका जुन्या इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे, अशी थाप मारली होती. त्याचा कविमित्र टॉमस ग्रे याने केंब्रिजहून कळवलं की इथे काही जण थोडे रडले आणि रात्री झोपायला जायची सगळ्यांनाच भीती वाटते. पुढे १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलने कबूल केलं की हे सगळं माझंच. त्यासरशी पहिल्या आवृत्तीला बरं म्हणणाऱ्या 'मंथली रिव्ह्यू' या नियतकालिकाने दुसरीवर झोड उठवली. शिरस्त्राण तेच, पिसं तीच, नवरदेवही तेवढाच चिरडलेला. फक्त 'जुन्या काळचे भोळे लोक, त्यांचं काय घेऊन बसलात' हा खुलासा वाचकांच्या हातून काढून घेतला गेला होता.

चारजणांत चर्चा ठेवायची असेल तर हेच लक्षात ठेवून ठेवावी. माणसं सहा ते आठ. वेळ दीड तास, म्हणजे आठ जण असले तर प्रत्येकाला अकरा मिनिटं आणि त्यांतली चार पुस्तक शोधण्यात. "आवडलं का?" असं विचारायचं नाही. पहिला बोलणारा "मला जरा बीभत्सच वाटलं" म्हणाला की उरलेले सातही जण आपलं हसू गिळतात आणि पुढचे दीड तास समाजातल्या वाढत्या हिंसेवर जातात. त्याऐवजी आल्या आल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी. कुठे हसलात, त्या ओळीचे पहिले चार शब्द लिहा. नाव नको. पानाचा क्रमांकही नको, कारण एकाच्या पुठ्ठाबांधणीतलं ८७ वं पान दुसऱ्याच्या स्वस्त आवृत्तीत १०४ वं असतं आणि तिसऱ्याच्या पडद्यावर ते सत्तावीस टक्के असतं. चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचल्या की आठांतल्या पाचांवर "तीन महिन्यांचं राहिलंय" निघतं. बीभत्सवाल्यांच्याही. तिथून पुढे चर्चा आपोआप होते. एक पथ्य मात्र पाळायचं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल त्याला आग्रह करायचा नाही. प्रेताचा विनोद लांबून चालतो, आणि किती लांबून ते ज्याचं त्याने ठरवायचं.

एवढं सगळं सांभाळलं तरी एक प्रश्न येतोच. पुस्तक हातात घेण्याआधी, पहिलं पान उघडण्याआधी.

"कुत्रा वाचतो का?"

परक्याला क्षणभर वाटेल, कुत्र्याच्या साक्षरतेची चौकशी चाललीय. पण प्रश्न जिवाचा आहे. भयकथेत कुत्रा असतोच. त्याला संवाद द्यावे लागत नाहीत, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून तो सगळ्यांत आधी गुरगुरतो, आणि धोका खरा आहे हे दाखवायचं झालं की पहिल्या शंभर पानांत बळी त्याचाच जातो. वाचकांना हे आता पाठ झालंय. उत्तर द्यायला जावं तर प्रत्येक वाटेवर खड्डा. "वाचतो" म्हटलं की लेखकाने कुत्र्यावर घेतलेली मेहनत फुकट. "मरतो" म्हटलं की पुस्तक तिथल्या तिथे परत. "सांगत नाही, वाच" म्हटलं की मेला, हे उघडच. "कुत्रा नाहीच" म्हटलं तर "मग मांजर?" त्यातून भयविनोदी कादंबरीत एक चौथी शक्यता असते. तो मरतो, पण बावीस पानांनी परत येतो, जरासा सडलेला, शेपूट मात्र हलवत. याला वाचला म्हणायचं की मेला?

माझा सल्ला, सरळ "वाचतो" म्हणून मोकळं व्हावं. मग ती व्यक्ती निर्धास्तपणे पुस्तक घेऊन जाते. भाडेकरू तळघरात मरतो, घरमालक जिन्यात, नोटरी विहिरीत. पाहुणे एकेक करून आरशात जातात ते परत येत नाहीत. असे अकरा जण. आठवड्याने पुस्तक परत येतं, कोपरा न दुमडता.

"कशी वाटली?"

"छान आहे. मी उगाच घाबरत होते. कुणाला काहीच होत नाही."