मळवलीला उतरून पुढे काय?

पावसाळा लागला की पुणे जिल्ह्यात हल्ली जमावबंदीचा आदेश निघतोच. पूर्वी तो 144 कलमाखाली निघायचा, आता नव्या कायद्यातल्या 163 खाली निघतो. धबधब्याखाली बसू नका, खोल पाण्यात उतरू नका, कड्याच्या टोकाशी सेल्फी घेऊ नका. आदेशाला कारण आहे, हे कुणी नाकारत नाही. 30 जून 2024 च्या रविवारी भुशी धरणामागच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यातली चार मुलं होती. 15 जून 2025 ला, पुन्हा रविवारीच, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

अशी बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, लोकांना शिस्तच नाही, सगळं बंद करून टाका. दुसरा म्हणतो, आठवडाभर राबल्यावर एक दिवस पोरांना घेऊन बाहेर पडलो तर आम्ही गुन्हेगार का? मग कुणीतरी मला ओढतं: "तू सांग, तुमच्या जर्मनीत कसं असतं ते." आणि मी सांगायला लागले की चिंचवडचा दादा ठरलेलं वाक्य टाकतो: "तुमचं ठीक आहे गं, तुमच्याकडे माणसंच कुठे आहेत?"

दादाचा मुद्दा खरा आहे. मी राहते त्या बव्हेरिया राज्यात सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटरमध्ये सव्वा कोटींच्या वर माणसं राहतात. एकट्या पुणे जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेतच चौऱ्याण्णव लाख लोक होते आणि जिल्ह्याचं क्षेत्रफळ बव्हेरियाच्या पावपटीहूनही कमी. शिवाय आपल्याकडे हिरवळ आणि पाणी चारच महिने, त्यामुळे वर्षभराची हौस जून ते सप्टेंबरच्या रविवारांत कोंबली जाते. म्हणून "युरोपात बघा किती शिस्त" छापाचं बोलणं मला पटत नाही. इथेही मोकाट गाड्या लावणारे, कुरणात कचरा टाकणारे आहेत. 2020 च्या उन्हाळ्यात वालखनझे तलावाकाठी म्युनिकच्या गाड्यांनी असा उच्छाद मांडला की नंबरप्लेटवरचा 'एम' बघूनच गावकरी तोंड वाकडं करायला लागले.

फरक दिसतो तो त्यापुढच्या पावलात. कोनिग्झे तलावाच्या वर एका धबधब्यात नैसर्गिक कुंड आहे. इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो फिरले आणि रीघ लागली. 2019 मध्ये तिथे दोन तरुण बुडाले. आजूबाजूचं रानही तुडवलं गेलं. 2021 मध्ये प्रशासनाने ते कुंड आणि तिथपर्यंतच्या वाटा पाच वर्षांसाठी बंद केल्या. म्हणजे बंदी इथेही येते. पण ती एका जागेपुरती होती, का घातली ते सांगितलेलं होतं, तिला मुदत होती आणि बाकीचा तलाव, होड्या, पायवाटा सगळं चालूच राहिलं. आपल्याकडच्या आदेशाची यादी तालुक्यातालुक्याने लांबत जाते आणि त्यात "मग मुलांना घेऊन कुठे जायचं" याचं उत्तर शोधून सापडत नाही. तो आदेश लिहिणाऱ्याला गर्दी दिसते, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघालेलं चौकोनी कुटुंब दिसत नाही.

इथल्या राज्यघटनेत, म्हणजे 1946 च्या बव्हेरियाच्या घटनेत, 141 वं कलम आहे. निसर्गाचा आनंद घ्यायचा, रानात आणि डोंगरकुरणांवर फिरायचं, एवढंच काय, रानमेवा रीतसर गोळा करायचा हक्क त्यात प्रत्येकाला दिला आहे. डोंगर, तलाव, नद्यांकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवणं हे सरकारचं आणि गावांचं काम, असंही त्यात म्हटलंय. एका देशात सहलीचं कलम हक्कांत आणि दुसऱ्यात जमावबंदीत, याची मला आधी गंमत वाटली. नंतर लक्षात आलं की कागदावरच्या हक्कापेक्षा मोठं काम वेळापत्रक करतं.

आमची शनिवारची सहल अशी ठरते. बायर्न-तिकीट नावाचा एक पास आहे. तो दिवसभरासाठी पाच जणांपर्यंत चालतो, शनिवार-रविवारी अगदी मध्यरात्रीपासून. चौदा वर्षांपर्यंतची आपली मुलं त्यावर फुकट. एकदा काढला की राज्यातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम जवळपास सगळीकडे चालतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही. म्युनिकहून दक्षिणेकडे जाणारी गाडी निघताना एक असते आणि वाटेत तिच्या तीन होतात. होल्त्सकिर्शनला एक तुकडा सुटतो, तो श्लियरझेवरून बायरिशत्सेलला जातो. शाफ्टलाखला उरलेल्याचे पुन्हा दोन होतात: एक टेगर्नझेला, एक लेंगग्रीसला. आपण कुठल्या डब्यात बसलोय ते बघणं हे आमच्याकडे धाकटीचं काम. डब्याच्या दारावरची पाटी वाचून ती खात्री करते आणि मगच आम्हाला बसू देते. टेगर्नझेला उतरलं की पाण्यापर्यंत चालतच जायचं. ज्या गावांना रेल्वे नाही तिथे स्टेशनबाहेर बस उभी असते आणि बहुतेक वेळा गाडीच्या वेळेला जोडलेली असते. 2021 पासून तर इथल्या आल्प्स गिर्यारोहण मंडळाने म्युनिकमधून थेट डोंगरपायथ्यापर्यंत सुट्टीच्या दिवशी बसच सुरू केल्या, लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात म्हणून.

सोपी सहल हवी असेल तर आम्ही एस-8 लोकलने शेवटच्या हेर्शिंग स्टेशनला जातो. तिथून ओढ्याकाठच्या रानातून तासा-दीड तासात आंडेक्सच्या मठापर्यंत चढत जायचं. मठाची स्वतःची बिअर आहे, म्हणून मोठी माणसं तक्रार न करता चढतात. इथल्या जुन्या पद्धतीच्या बिअर गार्डनमध्ये पेय त्यांचं घेतलं की खाणं आपलं आणायला मुभा असते. त्यामुळे असल्या बागांतल्या लाकडी बाकांवर आमची थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी निवांत उघडली जाते. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वास घेऊन विचारतातच, हे काय आहे म्हणून. रविवारी दुकानं बंद असतात, हेही लोक बाहेर पडण्याचं मोठं कारण. मॉलमध्ये जायचं म्हटलं तरी जाता येत नाही.

पुण्यातली कुटुंबं मॉलमध्ये का जातात याबद्दल बरंच नाक मुरडून लिहिलं जातं. मला विचाराल तर कारण साधं आहे: तिथे स्वच्छ संडास सापडण्याची खात्री असते. पाच वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन निघणाऱ्या बाईच्या डोक्यात सकाळी हा एकच हिशोब चालू असतो. गड-किल्ले, लेणी, धरणं याबाबत ती खात्री कोण देणार?

आणि जागा तर आपल्याकडे पहिल्यापासून आहेत. मागच्या डिसेंबरात पुण्याला आले तेव्हा मुलांना लोकलने लोणावळ्याच्या अलीकडच्या मळवली स्टेशनला नेलं. तिकीट एवढं स्वस्त की माझ्या मुलाला ते चुकीचं वाटलं. स्टेशनवरून भाजे लेण्यांकडे जाताना एक्सप्रेसवे ओलांडावा लागतो. पुलावरून खाली बघितलं तर लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. मुलांनी त्यांना हात केला, दोन-चार गाड्यांतून उलट हातही आला. पुढे गाव आणि गावातून लेण्यांच्या पायऱ्या. बावीस लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. पोरांना आवडलं ते चैत्यगृह नव्हे, तर शेवटाकडच्या लेण्यात कोरलेली तबल्यासारखं काहीतरी वाजवणारी बाई. खाली एका घरी पिठलं-भाकरी मिळाली. त्या काकू म्हणाल्या, पावसाळ्यात बंदी आली की कणसं, भाज्या आणून ठेवलेल्या तशाच राहतात. सरसकट बंदीचा हा खर्च कुणाच्या हिशोबात धरलेला असतो, देव जाणे.

लोहगड तिथून दिसतो. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात तोही आहे. पावसाळ्यातल्या रविवारी त्याच्या दरवाजात माणसं अडकून पडल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. वारसा मिळाला, आता गर्दी आणखी वाढणार. मग रविवारी वर जाणाऱ्यांची संख्या वेळेनुसार ठरवून द्यायला काय हरकत आहे? गाड्या खाली थांबवायच्या, मळवली आणि कामशेतच्या लोकल आल्या की त्यांना जोडून लहान बस सोडायच्या, पायथ्याशी संडास बांधायचे आणि राखायचे. संडास बांधणं सोपं, राखायला रोज माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या पगारापाशी आपल्या योजना अडतात. माथेरानने वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्या जाऊच दिल्या नाहीत, तरी तिथे माणसं जातातच. तेव्हा "आपल्या लोकांना गाडीच लागते" हेही खरं नाही.

हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं, या डिसेंबरात आईला पण न्यायचं म्हणतेस. मळवलीला उतरल्यावर पुढे आई कशी जाणार? बाहेर तीन-चार रिक्षा असतात, मिळाली तर मिळाली." मी म्हटलं, मग? "मग काय, माझी गाडी काढू," तो म्हणाला. "सकाळी सहाला निघालो तर खंडाळ्याच्या गर्दीच्या आधी पोचू."