चांदीचं ताट विष ओळखत नाही

'इंग्लंडचे उमराव फक्त चांदीच्या ताटात जेवत, कारण अन्नात विष असलं की चांदी क्षणात काळी पडते. ताटामागचा सिंह म्हणजे शंभर टक्के शुद्ध चांदीची खूण.' नक्षीदार ताटांच्या फोटोसह हा मजकूर फोनाफोनांतून फिरतो आहे. त्यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि पहिलं तर धोक्याचं आहे. आपल्याकडेही चांदीच्या वाटीवर असाच भरवसा टाकणारी माणसं आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे, विषामुळे नाही. उकडलेल्या अंड्यात गंधक असतो, म्हणून चांदीचा चमचा अंड्यानेही काळवंडतो. इंग्लिश कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. अंड्याच्या चमच्यांना ते सोन्याचा मुलामा देत. मीठदाण्यांनाही आतून देत, कारण ओलं मीठ चांदीला खातं. आता सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घ्या. शुद्ध सोमलात गंधक नसतोच, त्यामुळे चांदी जशीच्या तशी राहते. हरताळ किंवा मनशीळ ही गंधकाची खनिजं आहेत. त्यांपासून काढलेल्या सोमलात गंधकाचा अंश राहिला तर डाग पडू शकतो, आणि या समजुतीचं मूळ बहुधा तिथेच असावं. बचनागासारख्या वनस्पतींच्या विषाचा तर चांदीला पत्ताही लागत नाही.

याहून मोठा पुरावा इंग्लंडच्याच इतिहासात आहे. कॉफीतून सोमल दिल्याच्या एका खटल्यात वूलिचच्या शस्त्रागारातला रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श साक्षीला होता. त्याने केलेल्या चाचणीचा नमुना ज्यूरीसमोर येईपर्यंत बिघडला आणि आरोपी सुटला. ते मनाला लागून त्याने नवी चाचणी शोधली आणि १८३६ मध्ये ती प्रसिद्ध केली. चांदीचा चमचा बुडवून काम भागत असतं, तर त्याला एवढा खटाटोप कशाला करावा लागला असता?

'फक्त चांदीच्या ताटात' हेही चूक. अठराव्या शतकात याच घराण्यांनी चीनमधल्या कँटनहून आपापली कुलचिन्हं रंगवून घेतलेली चिनी मातीची ताटं मागवली, तीही शेकड्यांनी. विषाच्या भीतीने जेवणारा माणूस मातीच्या ताटाला हात लावेल का?

सिंहाबद्दल थोडक्यात. चालता सिंह हा १५४४ पासूनचा शिक्का. तो स्टर्लिंगचा कस सांगतो: हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. आपल्या सराफाच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. निव्वळ चांदी इतकी मऊ असते की रोजच्या वापरात ती दबते, वाकते. शंभर टक्क्यांच्या जवळ जाणारा कस कायद्याने सक्तीचा झाला तो १६९७ ते १७२० या काळात, हजारात जवळपास ९५८ भाग. पण तेव्हा सिंहाची जागा ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, आकृतीने घेतली होती. म्हणजे जास्त शुद्ध ताटावर नेमका तो सिंहच नसायचा!

आणि ही सक्ती आली का, तर लोक चांदीची नाणी कातरून, वितळवून त्यांची भांडी करत होते. नाणं स्टर्लिंगचंच, भांडंही स्टर्लिंगचं, म्हणून वितळवणं सोपं. भांड्यांचा कस वाढवला की नाणं आपोआप वाचणार. उमरावांना चांदी का हवी होती याचं उत्तर इथे आहे. ती जेवणाच्या टेबलावर मांडलेली पुंजी होती. चार पाहुण्यांना दाखवता येई आणि अडचणीत मोडता येई, आपल्याकडे पाटल्या मोडतात तशी. १६४३ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने युद्धखर्चासाठी ऑक्सफर्डच्या कॉलेजांकडून त्यांची चांदीची भांडी घेतली आणि तिथल्याच टांकसाळीत त्यांची नाणी पाडली. किती सुंदर काम त्या मुशीत गेलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं. फॅशन बदलली तरी तेच व्हायचं: जुनं वितळवायचं, सोनाराला नवी घडणावळ द्यायची.

म्हणूनच जुन्या इंग्लिश ताटाच्या पाठीवर शिक्क्यांखेरीज आणखी एक गोष्ट पुष्कळदा सापडते. सुईने खरवडल्यासारखे बारीक आकडे. ते त्या ताटाचं वजन असतं, ट्रॉय औंसात, म्हणजे सोन्याचांदीच्या वजनाच्या इंग्लिश मापात.