सोयरीक मोडली, आणि आजीचं मन

लग्नाआधी जनुकीय समुपदेशन, म्हणजे घराण्यातला आजार पुढच्या पिढीत येण्याच्या शक्यतेबद्दल तज्ज्ञाशी बोलणं, घ्यावं, असा सल्ला मनोविकारांवरच्या एका लेखात वाचला आणि पटला. पण त्यात ‘चाचणी’वर फार भर आहे. स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार होणार की नाही हे सांगणारी रक्ततपासणी आज नाहीच. समुपदेशक घराण्याचा इतिहास विचारतो, शंका ऐकतो, समजावून सांगतो.

आमचं घर गोव्यातलं, फोंड्याकडचं. मामाला स्किझोफ्रेनिया. आजीने आधी देवाला कौल लावला, मग डॉक्टर. औषधांनी मामा सावरला, कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळी-माडांच्या बागेत, परत काम करू लागला. तरी माझ्या बहिणीची सोयरीक मोडली, ‘घराण्यात वेड आहे’ म्हणून! आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता १०० त १० च्या आसपास. एरवी ती १०० त १. भाचीला तर १० पेक्षा बरीच कमी. जुळी अगदी एकसारखी असली तरी एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, सुमारे निम्म्या वेळा होत नाही.

आजी मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली, पोटुशी असताना मी ग्रहणात बाहेर पडले म्हणून हे झालं. तिचा काही दोष नसताना तिने तो स्वतःवर घेतला, मला सगळ्यात जास्त तेच सलतं. कॅनडात व्हँकूवरला खास मनोविकारांसाठी असं समुपदेशन केंद्र २०१२ साली सुरू झालं. आपल्याकडे बांबोळीच्या मनोरुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी हे मिळावं, कोकणी-मराठीतून, आणि रुग्णाच्या आईला आधी आत बोलवावं.